बहिणीच्या इंजिनिअरिंगसाठी उचल घ्यावी का? शिष्यवृत्ती, स्वाधार आणि मधले सहा महिने

प्रश्न एका मोठ्या भावाचा आहे. घर बीड जिल्ह्यात, आई-वडील ऊसतोडीला जातात, हा स्वतः चाकणला कंत्राटावर कामाला आहे. धाकट्या बहिणीला कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला जागा मिळाली. जात नवबौद्ध, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) हातात, वडिलांचं उत्पन्न अडीच लाखांच्या खूप आत. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं गेलं, "सध्या पंचेचाळीस हजार भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ." वडील मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीच्या ठेकेदाराकडून, जादा उचल (पुढच्या हंगामाच्या मजुरीवर आगाऊ रक्कम) घ्यायला तयार आहेत. भावाने विचारलंय की सरकारी योजनांचे पैसे खरंच मिळतात का, की ते नुसते कागदावर असतात? उचल घ्यावी का?

उचल घेऊ नका. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं उत्तर लांबणार आहे. कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलामागे माझी तेवीस वर्षं गेली. पैसे मिळतात, बहुतेकांना मिळतात. पण लागतात तेव्हा मिळत नाहीत. मुलं शिक्षण सोडतात ती अपात्र ठरल्यामुळे फारशी नाही. प्रवेशाचा दिवस आणि खात्यात पहिली रक्कम पडण्याचा दिवस, यांच्या मधल्या काळात सोडतात. त्यामुळे तुमच्या बहिणीला काय मिळेल यापेक्षा ते केव्हा मिळेल आणि तोवर काय करायचं, याचाच हिशेब मी जास्त मांडणार आहे.

आधी तिचा हक्क काय ते पाहू. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आमच्या भाषेत नुसती 'जीओआय', ही तिची मुख्य योजना. योजना जुनी आहे, १९४४ सालची. अनुसूचित जातींसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. यात कॉलेजची परत न मिळणारी सक्तीची फी (शिकवणी शुल्क, परीक्षा शुल्क वगैरे) बसते आणि वर शैक्षणिक भत्ता मिळतो. पदवीचे व्यावसायिक अभ्यासक्रम पहिल्या गटात येतात. त्या गटाला वसतिगृहात राहणाऱ्यासाठी वर्षाला १३,५०० रुपये आणि बाहेर राहणाऱ्यासाठी ७,००० रुपये. अनामत, बस, मेस यातलं काही यात येत नाही. म्हणून कॉलेजकडून फीचं कलमवार पत्रक लेखी मागा. त्या पंचेचाळीस हजारांत नक्की काय काय धरलंय हे त्याशिवाय कळणार नाही.

तुमच्या प्रश्नात एक भीती दिसली: "मी कमावतो, माझा पगार धरला तर मर्यादा ओलांडेल का?" नाही ओलांडणार. आई-वडिलांपैकी एक जण जरी हयात असेल तर फक्त त्यांचंच उत्पन्न धरतात, भावाचं नाही. मुलगी विवाहित असेल आणि स्वतः कमावत नसेल तर नवऱ्याचं धरतात. सेतूत बसलेला माणूस कधीकधी घरातल्या सगळ्यांची बेरीज करून मोकळा होतो. तिथे उभं राहून दाखला वडिलांच्या नावाने आणि वडिलांच्याच उत्पन्नाचा निघतोय ना, ते बघा.

आता राहण्या-खाण्याचं. फी माफ झाली की गरिबाचं पोरगं शिकतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पोराला कधी परगावी ठेवलेलं नसतं. शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. कोल्हापुरात १९०१ पासून त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली, कारण खेड्यातल्या मुलाचं घोडं शाळेच्या फीपेक्षा दोन वेळच्या भाकरीपाशी आणि पाठ टेकायला जागा मिळण्यापाशी जास्त अडायचं. आजही तिथेच अडतं.

यासाठी समाजकल्याण खात्याची दोन दारं आहेत. पहिलं शासकीय वसतिगृह. जागा मिळाली तर यासारखं दुसरं काही नाही. राहणं, जेवण फुकट, शिवाय एक शिस्त आणि तुमच्यासारख्याच घरातल्या पन्नास मैत्रिणी. पण पुण्यात अर्ज भरपूर आणि खाटा मोजक्या. जागा नाही मिळाली तर दुसरं दार, म्हणजे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. ही २०१६-१७ पासून आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रोख रक्कम थेट खात्यात येते. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००, मिळून वर्षाला ६०,०००. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांना पुस्तकं-साहित्यासाठी वर्षाला आणखी ५,०००. मात्र जीओआयमधला भत्ता यातून वजा होतो. दोन्ही पूर्ण मिळतील असं धरून घरी आकडे सांगू नका.

साठ हजार ऐकायला बरे वाटतात. वर्षातले दहा महिने धरले तर महिन्याला सहा हजार. पुण्यात कॉट बेसिसवर (एका खाटेपुरती भाड्याची) जागा आणि दोन वेळची मेस यांतच ते संपतात, बऱ्याचदा पुरतही नाहीत. तरी ही रक्कम आल्यामुळे पदवी घेऊन गेलेल्या पन्नासेक मुली माझ्या ओळखीत आहेत.

स्वाधारच्या अटींत मुलं कुठे अडकतात? विद्यार्थी कॉलेज असलेल्या शहरातला रहिवासी नसावा; तुमचं घर बीडला, हे ठीक. मागच्या परीक्षेत किमान गुण हवेत. हजेरी ७५ टक्के हवी आणि तसा दाखला कॉलेजकडून न्यावा लागतो. आणि बाहेर राहत असल्याचा पुरावा. इथेच घोळ होतो. कॉट बेसिसवाली घरमालकीण भाडेकराराचं नाव काढलं की दार लावून घेते. जागा ठरवतानाच, अनामत हातात ठेवण्याआधी विचारा: "काकू, करार करून द्याल ना? सरकारी कामाला लागतो." नाही म्हणाली तर दुसरी जागा बघा. नंतर विचारलं की उत्तर कायम नाहीच असतं. जीओआयचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरतात. वसतिगृह आणि स्वाधारचा अर्ज तिथे नसतो, समाजकल्याणचं त्यासाठी वेगळं पोर्टल आहे. "महाडीबीटी भरलं म्हणजे सगळं भरलं" असं समजून दर वर्षी कितीतरी मुलं स्वाधारला मुकतात.

आता वेळेचं. प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरात होतो. अर्ज भरा, कॉलेजचा क्लार्क तपासणार, मग प्राचार्यांचं लॉगिन, मग समाजकल्याण, मग निधी. जीओआयचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा उचलतात. राज्याने आपला हिस्सा सोडल्यावर केंद्राचा सुटतो. मी पाहिलेल्या मुलांपैकी बहुतेकांची पहिली रक्कम दुसरं सत्र सुरू झाल्यावरच आली, आणि स्वाधारचे पैसे तर पुढच्या शैक्षणिक वर्षात आल्याचंही पाहिलंय. दिवाळीच्या आत काही येणार नाही, असं धरूनच चाला. आलं तर आनंद.

पण उशिराचा सगळा दोष सरकारवर टाकून चालणार नाही. त्यातला बराच उशीर आपल्याच कागदांत आणि खात्यात असतो, आणि तेवढा तुमच्या हातात आहे.

खात्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच पाहिली. पैसे तुम्ही फॉर्मात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. ते आधार क्रमांक एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत ज्या बँकेशी जोडलेला असतो तिथे जातात. 'बँकेत आधार लिंक आहे' आणि 'आधार सीडिंग आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे बँकेने केवायसीसाठी तुमचं आधार नोंदवलं. सीडिंग म्हणजे सरकारी पैसा या खात्यात येऊ द्या, अशी तुमची संमती. एका आधारवर एका वेळी एकच बँक सीडेड असते आणि सगळ्यात शेवटी जिने केलं तिचंच चालतं.

एक मुलगा आठ महिने माझ्या टेबलाशी फेऱ्या मारत होता. पोर्टलवर रक्कम वितरित दाखवत होतं आणि पासबुक कोरडं. शेवटी त्याला समोर बसवलं, मायआधारच्या साइटवर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं. तिथे भलत्याच बँकेचं नाव. तो डोकं खाजवत राहिला. मग आठवलं, गावी मोबाईलच्या दुकानात सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन "झिरो बॅलन्सचं खातं काढून देतो" म्हणत पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं. पैसे त्या खात्यात पडून होते आणि ते खातं आपलं आहे हे पोराला माहीतही नव्हतं. बहिणीचं स्टेटस आजच बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि तिला बजावून ठेवा, चार वर्षं कुठेही उगाच अंगठा द्यायचा नाही.

खात्याचीच दुसरी भानगड. शाळेत असताना काढलेलं खातं बऱ्याचदा पूर्ण केवायसीशिवायचं, 'स्मॉल अकाउंट' असतं. त्यात एका वेळी पन्नास हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. इंजिनिअरिंगची फी आली की व्यवहार परत फिरतो आणि पोर्टलवर 'फेल्ड' येतं. शिवाय दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय होतं. राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या, खातं अठरा वर्षांपुढचं करून घ्या, आणि दर दोन-तीन महिन्यांनी शंभर रुपये का होईना, टाका-काढा.

कागदांत तुमच्या घराला खास लागू पडणारी एक गोष्ट सांगतो. दसरा झाला की तुमचे आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर जाणार, ते मार्च-एप्रिलपर्यंत परत येणार नाहीत. त्या काळात तलाठ्याकडे जायला, सही द्यायला, ओटीपी सांगायला गावात कोणी नसतं. ऊसतोडीच्या घरातल्या मुलांचे अर्ज आमच्याकडे याच कारणाने 'सेंड बॅक' होऊन पडलेले असायचे. म्हणून उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, वडिलांची स्वयंघोषणा हे सगळं दसऱ्याआधी. उत्पन्नाच्या दाखल्यावर खाली वैधतेची ओळ असते, बहुधा ३१ मार्च अमुक साल. ती वाचा, कारण जुना दाखला लावणं ही अर्ज परत येण्याची अगदी ठरलेली वाट आहे. बहिणीच्या आधारला तिचाच मोबाईल नंबर जोडलेला हवा, वडिलांचा नको. पाचटात मोबाईल हरवतो आणि नंबर बदलतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि बँकेत एकसारखं हवं. बारावीनंतर एखादं वर्ष मोडलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. जात पडताळणी तुमच्याकडे आहे म्हणून सुटलात. पण घरात अजून लहान भावंडं असतील तर अकरावी-बारावीतच ते काम काढा. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधला उतारा शोधणं आलं. शाळा जुनी असेल तर त्यात महिना सहज जातो.

अर्ज भरला की काम संपलं असं समजू नका. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघायची. अर्ज परत आला तर त्याचा निरोप घरी येत नाही, तो पोर्टलवर शांत पडून राहतो आणि मुदत निघून जाते. कॉलेजच्या शिष्यवृत्ती क्लार्कचं नाव आणि त्याची जेवणाची वेळ माहीत असू द्या. हे मी चेष्टेने म्हणत नाही. त्या एका माणसाच्या लॉगिनमध्ये चारशे अर्ज असतात आणि समोर येऊन नीट बोलणारी मुलगी त्याच्या लक्षात राहते.

यापुढची गोष्ट घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा. जीओआयमधला केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती लगेच कॉलेजात भरायची असते. एका मुलीच्या खात्यात अशीच फीची रक्कम आली. घरी वाटलं, शिष्यवृत्ती आली! वडिलांनी मुकादमाची थकलेली बाकी भागवली. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. पण पुढच्या सत्राला फी बाकी म्हणून तिचा परीक्षेचा फॉर्म अडला, मग व्याजाने पैसे काढावे लागले, म्हणजे फिरून तीच उचल. खात्यात जे येईल त्यातलं फीचं किती आणि आपलं किती, हे क्लार्ककडून चिठ्ठीवर लिहून घ्या. फीचे पैसे त्याच दिवशी कॉलेजला, पावती फाईलला.

मधले सहा महिने कसे काढायचे? फी भरायची नाहीये असं धरलं (ते कसं, शेवटी सांगतो) तर लागतो तो राहण्या-जेवणाचा खर्च, आणि तो तुमच्या पगारातून, थोडा ओढून ताणून, भागण्यासारखा आहे. चाकणहून महिन्याला चार-पाच हजार पाठवणं आणि एकदम पंचेचाळीस हजारांची उचल घेऊन आई-वडिलांना पुढच्या हंगामाला बांधून घेणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय पुण्यात विद्यार्थी सहायक समिती आहे. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली खेड्यातून येणाऱ्या गरजू मुलांसाठी ती सुरू केली. सरकारी नाही, पण राहण्या-जेवणाची सोय अत्यल्प पैशांत होते. मुलाखत घेतात, अर्ज वेळेत करावा लागतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत कॉलेजातच तासावर काम मिळतं, फक्त पहिल्या सत्रात इंजिनिअरिंगच्या मुलीने ते घेऊ नये असं माझं मत. गणिताचे विषय आधी सुटू देत. कॉलेजात पुस्तकपेढी असते, ग्रंथपालाला विचारल्याशिवाय ती दिसत नाही. शैक्षणिक कर्ज अगदी शेवटी. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण ते कर्जच आहे.

दर वर्षी अर्ज नव्याने, म्हणजे रिन्युअल, करावा लागतो. आणि अभ्यासक्रम मधेच सोडून, किंवा एक पदवी झाल्यावर त्याच पातळीची दुसरी धरली, तर शिष्यवृत्ती थांबते. बीए झाल्यावर बीकॉम करणाऱ्याला मिळत नाही, तसंच हे.

हे वाचणाऱ्यांत इतर घरांतलेही असतील, त्यांच्यासाठी भराभर. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वाधारसारखीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या प्रवर्गात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आणि अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की यातलं काही लागू होत नाही, हे एजंट कधीच सांगत नाही.

आता ते पंचेचाळीस हजार. शिष्यवृत्तीस पात्र अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी वसूल करू नये, असे शासनाचे निर्देश आहेत. खिडकीवरच्या माणसाशी वाद घालू नका, त्याला ते वरून सांगितलेलं असतं. प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहा, बहिणीच्या हस्ताक्षरात, साधा:

"मी अनुसूचित जाती प्रवर्गातील विद्यार्थिनी असून माझा प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला आहे. मी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र आहे व तसा अर्ज महाडीबीटीवर करीत आहे. तरी शिष्यवृत्तीत समाविष्ट शुल्क न आकारता माझा प्रवेश निश्चित करावा, ही विनंती. रक्कम भरणे अनिवार्य असल्यास तसे कलमवार लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी द्यायची वेळ आली की आकडा बहुतेक वेळा खाली येतो. अनामतीचे चार-पाच हजार उरतात, ते भरून टाका. मूळ कागदपत्रं फीसाठी अडवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे, २०१८ पासून. दाखले फक्त तपासायला द्या आणि परत घ्या. तरीही अडवलं, तर पुण्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात याच अर्जाची प्रत घेऊन जा. तिथे पहिला प्रश्न हाच येईल की कॉलेजला लेखी दिलंय का, आणि तेव्हा तुमच्याकडे पोच हवी. शिक्का आणि तारीख, दोन्ही असलेली.